जुनी जीप ओळखायची तर आधी पेन्सिल घ्या

आप्पांच्या गॅरेजात माझं काम पेन्सिलीचं होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात, लोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं पत्र्याचं गॅरेज. गाडी पासिंगला न्यायची तर फॉर्मवर चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) नंबर आणि इंजिन नंबर यांची पेन्सिल-छाप चिकटवावी लागायची. नंबरावर पातळ कागद घट्ट धरायचा, वरून शिसपेन्सिल आडवी फिरवायची, की लोखंडात ठोकलेले आकडे कागदावर पांढरे उमटतात. आप्पांच्या हाताला कायम ग्रीस, कागद काळा व्हायचा. मी शाळेतून आले की हाक यायची, "ये गं, छाप काढून दे." मी दोन काढायची. एक फॉर्मला, एक माझ्या वहीत.

गॅरेज आता नाही, वही आहे. तिच्यात 1981 पासूनच्या 114 जीपगाड्यांच्या छापा आहेत, प्रत्येकीसमोर आप्पांनी सांगितलेली माहिती: कुणाची, कुठून आली, काय काय बदललं. जांबोटी-कणकुंबीच्या रानात लाकूड ओढणाऱ्या ठेकेदारांच्या गाड्या आहेत, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांच्या आहेत, चंदगड-बेळगाव वडापाच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन चालणाऱ्या, आहेत, गोव्याच्या खाणीतून विकत आणलेल्या आहेत. त्या वहीमुळे लोक मला फोटो पाठवतात. "अक्का, बघा की जरा, ही अमेरिकन आहे काय?"

फोटोवरून मी कधीच हो म्हणत नाही. का, ते सांगते. चाळीस-पन्नास वर्षं चाललेली आपल्या भागातली एकही जीप एका गाडीची राहिलेली नाही. चेसिस एकीचं, बॉडी दुसरीची, इंजिन तिसरंच. पुढची आणि मागची हाऊसिंगसुद्धा (दोन चाकांमधली आसाची घरं, ज्यांत डिफ्रन्शल बसतं) बहिणी-बहिणी असतीलच असं नाही. म्हणून "ही कुठली गाडी?" असं विचारू नका. "हे चेसिस कुठलं? हे इंजिन कुठलं? हा पत्रा कुठला?" असं एकेक विचारा. उत्तरं वेगवेगळी आली तर घाबरू नका, ती यायचीच.

बरोबर काय न्यायचं? पातळ कागद, मऊ पेन्सिल, पांढरा खडू, बॅटरी, मोजायची टेप, छोटं लोहचुंबक, पितळी तारांचा ब्रश आणि बाटलीभर रॉकेल. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालतं. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर नंबराजवळ नेऊ नका. ठोकलेले आकडे एकदा घासले गेले की परत येत नाहीत, आणि घासलेला नंबर दिसला की पुढे पोलीस आणि आरटीओ दोघेही चोरीचा संशय घेतात. तो संशय रास्तच असतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय खुणा कळत नाहीत

1940 च्या जुलैत, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, अमेरिकेच्या सैन्यानं 135 कंपन्यांना विचारलं: चारही चाकांनी ओढणारी हलकी टेहळणीची गाडी बनवता का? नमुना 49 दिवसांत हवा. मुदत एवढी तोकडी की बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम ही छोटी, डबघाईला आलेली कंपनी पुढे आली. कार्ल प्रॉब्स्ट यांनी नकाशे काढले आणि 23 सप्टेंबर 1940 ला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, गाडी मेरिलँडमधल्या होलाबर्ड तळावर पोचली. सैन्याला ती आवडली. पण एवढी छोटी कंपनी हजारोंनी गाड्या देऊ शकणार नाही अशी भीती होती, म्हणून तिचे नकाशे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्डलाही दाखवले गेले. तिघांकडून आधी पंधराशे-पंधराशे गाड्या मागवल्या आणि 1941 मध्ये मोठं काम विलिसला मिळालं. बँटमच्या वाट्याला शेवटी ट्रेलर बनवायचं काम आलं. पहिली गाडी ज्यांनी उभी केली त्यांचं नाव आज जीपवाल्यांनाही ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

विलिसनं बाजी मारली ती इंजिनावर. बार्नी रूस यांनी सुधारून घेतलेलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, 134 घन इंच म्हणजे 2199 सीसी, 60 अश्वशक्तीचं. बाकी दोघांकडे त्या ताकदीचं इंजिन नव्हतं. विलिसच्या या गाडीचं नाव एमबी. सैन्याची मागणी एकट्या विलिसला पेलेना, तेव्हा फोर्डला सांगितलं की हुबेहूब हीच गाडी बनवा, एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे. फोर्डच्या गाडीचं नाव जीपीडब्ल्यू: जी म्हणजे सरकारी काम, पी ही 80 इंची व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) फोर्डची खूण, डब्ल्यू म्हणजे विलिसचा नकाशा. "जीपी म्हणजे जनरल पर्पज, त्यावरून जीप" असं सगळीकडे सांगतात, पण फोर्डच्या जीपीचा अर्थ तो नाही. युद्ध संपेपर्यंत विलिसनं सुमारे 3,60,000 आणि फोर्डनं सुमारे 2,78,000 गाड्या बनवल्या.

आपल्याकडे 'विलीज' म्हणतात. कंपनीचे मालक जॉन विलिस आपलं नाव 'विलिस' असंच उच्चारायचे.

भारतात या गाड्या आल्या आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर. युद्ध संपल्यावर हजारो गाड्या लिलावात निघाल्या, त्या 'डिस्पोजलच्या गाड्या'. वहीतल्या सगळ्यात जुन्या नोंदींसमोर आप्पांनी 'डिस्पोजल' एवढाच शब्द सांगितला होता. 1945 ला लुधियानात महिंद्रा अँड महंमद ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी निघाली होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, 1948 ला कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं, आणि 1949 मध्ये मुंबईत माझगावला विलिसच्या सुट्या भागांतून जीप जुळवायला सुरुवात झाली. हा धागा लक्षात ठेवा. आपल्या भागात 'अमेरिकन' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या दहांतल्या नऊ जीप या मुंबईच्या रांगेतल्या असतात. त्यात कमीपणा काही नाही. फक्त 1942 ची म्हणून तिचे पैसे मोजू नका.

तोंड बघा, पण तोंडावर विश्वास ठेवू नका

माझ्या भावाचा मुलगा टिळकवाडीत राहतो. तीन वर्षांमागे तो एक जीप घेऊन आला. हिरवा रंग, बॉनेटवर पांढरी चांदणी, मागे जेरीकॅन. "आत्या, 1942 ची अमेरिकन मिल्ट्रीची आहे. विकणाऱ्यानं कागद पण दाखवलाय." पोर आनंदानं नुसतं फुललं होतं.

मी आधी जाळीच्या खाचा मोजल्या. युद्धातल्या एमबीची अगदी पहिली जाळी सुट्या पट्ट्या वेल्ड करून केलेली असे, तशा पंचवीस हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या. नंतर फोर्डची पद्धत दोघांनी घेतली: एकाच पत्र्यातून दाबून काढलेली, नऊ खाचांची. युद्धानंतरच्या नागरी गाड्यांना सात खाचा. तर नऊ म्हणजे युद्धातली, सात म्हणजे नंतरची. हे आता सगळ्यांना माहीत झालंय आणि म्हणूनच नऊ खाचांची नवी जाळी बनवून लावतात. भावाच्या मुलाच्या गाडीला नऊच होत्या.

मग मी दिवे बघितले. एमबी आणि जीपीडब्ल्यूचे दिवे लहान, जाळीच्या आत मागे सरकलेले. आणि त्यांची एक गोड सोय आहे: पाकळीचा नट सैल केला की दिवा मागे उलटा वळतो आणि इंजिनावर उजेड पडतो, रात्री रानात काम करता यावं म्हणून. हिचे दिवे मोठे आणि पक्के बसवलेले. मग काच. युद्धातल्या गाडीची पुढची काच दोन तुकड्यांची, मध्ये दांडी. 1945 ला आलेल्या सीजे-2ए या पहिल्या नागरी जीपचीही दोन तुकड्यांची. 1949 च्या सीजे-3ए पासून अखंड काच. हिची अखंड.

मागं गेले. युद्धातल्या जीपला मागे फाळका नसतो, पत्रा सरळ आणि त्यावर स्टेपनी. सीजे-2ए पासून उघडणारा फाळका आला आणि स्टेपनी उजव्या अंगाला गेली. हिचा फाळका वेल्डिंग मारून बंद केलेला. लोहचुंबक लावलं तर सांध्यावर धरेना, आत पुटीन भरलेलं. पेट्रोल कुठून भरतात तेही बघितलं. एमबीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आणि तोंडही तिथंच, पेट्रोल भरायला ड्रायव्हरनं उठून सीट उचलावी लागते. नागरी गाडीला झाकण बाहेर, बाजूला. हिच्या बाजूला झाकणाच्या जागी गोल चकती वेल्ड केलेली, बोटानं चाचपली की कड लागत होती.

शेवटी बॉनेट. एमबी, 2ए आणि 3ए ची बॉनेट बसकी. 1953 च्या सीजे-3बी ची उंच, कारण तिच्यात नवं उंच इंजिन घातलं आणि ते मावावं म्हणून बॉनेट वर उचलली. दुरून बघितली तर छाती पुढे काढल्यासारखी दिसते. अमेरिकेत ती 1968 पर्यंत निघाली, पण महिंद्रानं तिचाच वंश पुढे कितीतरी वर्षं चालवला. भावाच्या मुलाची जीप म्हणजे महिंद्राची सीजे-3बी, नऊ खाचांचं खोटं तोंड लावलेली. फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरची, नंबराची पाटी काढून टाकलेली होती, रिव्हेटांची चार भोकं मात्र राहिली होती.

तो दोन दिवस जेवला नाही. मी त्याला म्हटलं, गाडी वाईट नाही, चांगली दणकट आहे, फक्त तिचं खरं नाव तिला परत दे. आता तिला सात खाचांची जाळी आहे आणि जांबोटीचा चढ ती आरामात चढते.

आडवं व्हा आणि खालून बघा

पत्रा बदलतो, चेसिस सहसा बदलत नाही. म्हणून खरी तपासणी जमिनीवर पाठ टेकूनच होते.

आधी टेप लावा. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत 80 इंच भरले, म्हणजे 6 फूट 8 इंच, तर ती एमबी, जीपीडब्ल्यू, 2ए, 3ए किंवा 3बी यांच्यातली. 81 इंच आणि मडगार्ड गोलसर असेल तर 1955 ची सीजे-5 किंवा तिची लष्करी आई एम38ए1. 91 इंच असेल तर बहुधा महिंद्राची एमएम540, मग अमेरिकेचा विचार सोडून द्या.

नंतर जाळीच्या खाली, पुढच्या बंपरामागे बघा. चेसिसच्या दोन चॅनेलना, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लांब लोखंडी तुळ्यांना, जोडणारा पहिला आडवा दांडा तिथं असतो. विलिसचा असेल तर गोल नळी. फोर्डचा असेल तर उपड्या यू-सारखा चौकोनी. बॅटरी नसली तरी हातानं कळतं. नकाशा एकच असून दोन कंपन्यांनी इथं वेगळं केलं, आणि ही खूण पुसता येत नाही, कारण पुसायची तर सगळं चेसिस तोडावं लागेल. माझ्या दृष्टीनं जीपच्या अख्ख्या अंगावर याच्याइतकी भरवशाची खूण दुसरी नाही.

फोर्डनं आपल्या भागांवर वळणदार इंग्रजी 'एफ' ठोकला. बोल्टच्या डोक्यावर, ब्रॅकेटवर, हुकांवर, कुठं कुठं सापडतो. एक-दोन बोल्टांवर एफ दिसला म्हणून गाडी फोर्डची होत नाही, कारण सैन्याच्याच वर्कशॉपमध्ये भाग इकडचे तिकडे झाले. पण जिथं कुणी सहज पाना लावत नाही अशा रिव्हेट केलेल्या भागावर एफ दिसला तर मात्र थांबा आणि नीट बघा.

नंबर. फोर्डनं चेसिसवरच नंबर ठोकला: डाव्या चॅनेलच्या वरच्या बाजूला, पुढे, इंजिनाच्या माउंटिंगच्या आसपास, सुरुवातीला 'जीपीडब्ल्यू' अक्षरं. विलिसनं चॅनेलवर न ठोकता छोटी पाटी लावली: डाव्या चॅनेलच्या आतल्या अंगाला, बंपरामागे, रिव्हेट करून. म्हणून विलिसचा नंबर बहुतेक वेळा हरवलेला असतो. पाटी कुठल्या तरी अपघातात किंवा रंगकामात गेलेली असते. दिसत नाही म्हणून खोटी असं समजू नका, भोकं शोधा. नंतरच्या नागरी गाड्यांची पाटी फायरवॉलवर. तिथं 453-जीबी2 अशी सुरुवात असेल तर पहिला 4 म्हणजे सिलिंडर, 53 म्हणजे साल आणि जीबी2 म्हणजे सीजे-3बी.

छाप अशी काढा. डिझेलचा बोळा अर्धा तास जागेवर ठेवा. जुनं ग्रीस आणि लाल माती मऊ होते, मग पितळी ब्रशनं लांबीच्या दिशेनं हळू घासा. फडक्यानं कोरडं करा. आकड्यांत खडू भरून फोटो घ्या, खडू पुसा, आणि मग कागद धरा. पेन्सिल टोकानं धरू नका, आडवी ठेवा. कागद हलला तर दुसरा घ्या. तीन छापा काढा, कारण एकीत जो आकडा बुजलेला असतो तो दुसरीत दिसतो. कारखान्यातले आकडे एका मापाचे, बऱ्यापैकी एका ओळीत असतात. एखादा आकडा तिरका, खोल, वेगळ्या वळणाचा असेल किंवा भोवतीचा पत्रा घासून बसका झालेला असेल तर गाडी कितीही आवडो, परत फिरा.

स्टिअरिंगही खालूनच तपासा. युद्धातल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. इथं आल्यावर कित्येक उजवीकडे फिरवून घेतल्या. तसं असेल तर डाव्या चॅनेलवर स्टिअरिंग बॉक्सची रिकामी भोकं आणि डाव्या पायाखालच्या पत्र्यात पेडलची बुजवलेली भोकं सापडतात. मला तर ती भोकं सापडली की बरं वाटतं. नीट फिरवलेली गाडी म्हणजे कुणीतरी ती जगवायची ठरवली होती.

इंजिन आणि हाऊसिंग

युद्धातलं आणि 2ए-3ए चं इंजिन एकाच घराण्यातलं, एल-हेड. दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ओतीव धडात, म्हणून हेड नुसतं सपाट झाकण, आणि प्लग वरून सरळ खाली उभे. बॉनेट उघडल्या उघडल्या चार प्लग आकाशाकडे तोंड करून दिसले की एल-हेड. 3बी चं एफ-हेड: आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर सोडणारा ब्लॉकमध्ये. त्यामुळे वर रॉकरचं झाकण असतं आणि प्लग एका बाजूला तिरके. ब्लॉकचं माप तेच 134 घन इंच, ताकद 70 च्या पुढे. एल-हेड ब्लॉकच्या पुढच्या अंगाला नंबर असतो. 'एमबी' असेल तर विलिसचं युद्धातलं, 'जीपीडब्ल्यू' असेल तर फोर्डचं.

अर्थात आपल्याकडे बॉनेट उघडली की डिझेल निघतं. पेट्रोल परवडेना तेव्हा सगळ्यांनी बदललं. महिंद्रानं स्वतः इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये घातलं, पुढे 1980 च्या दशकात पेजोचं. आणि गॅरेजांतून मटाडोर टेम्पोचं बसवलं जायचं. आप्पांनी अशी किती बसवली त्याची मोजदाद माझ्या वहीत नाही. जुनं पेट्रोल इंजिन भंगारात किलोवर जायचं. बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत त्यातली कित्येक वितळली असतील. तेव्हा कुणाला वाटलं नाही, मलाही नाही.

हाऊसिंग तपासायची एक युक्ती आप्पांनी शिकवली, ती कुठंच वाचायला मिळाली नाही म्हणून नीट सांगते. गाडी न्यूट्रल करा, पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दोन का, तर दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं, डिफ्रन्शल अर्धा फेरा खातं. शाफ्ट पाचाला थोडा कमी फिरला तर 4.88 चं हाऊसिंग, 39 आणि 8 दात्यांचं, युद्धातल्या गाडीचं. पाच होऊन वर एक तृतीयांशापेक्षा जास्त फिरला तर 5.38 चं, 43 आणि 8 दात्यांचं, नागरी सीजे-2ए पासूनचं. पुढचं हाऊसिंगही असंच तपासा. पुढचं-मागचं वेगळं निघालं तर फोर व्हील अजिबात टाकू नका, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीची) वाट लागते. जुन्या गाडीची डावी चाकं खोलताना आणखी एक: नट किंवा स्टडवर 'एल' असेल तर आटे उलटे आहेत. जोर लावून कित्येकांनी स्टड मोडलेत.

मोठ्या गाड्यांबद्दल थोडक्यात. डॉजची पाऊण टनी डब्ल्यूसी युद्धातली, 230 घन इंची सहा सिलिंडरची. तिच्याच घराण्यातली पॉवर वॅगन 1946 पासूनची, 126 इंची व्हीलबेसची. दोन्ही या भागात क्वचित दिसतात. इंटरनॅशनलची स्काउट, फोर्डची ब्रॉन्को या 1960 च्या दशकातल्या, आमच्या वहीत एकही नाही. पण जोंगा खूप वेळा 'अमेरिकन' म्हणून दाखवतात, बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यानं लष्करातून निघालेल्या जोंगा इथं पुष्कळ फिरल्या. ती 'निस्सान पॅट्रोल' या जपानी गाडीवरून जबलपूरला बनलेली गाडी. अमेरिकेचा तिच्याशी संबंध नाही.

गोष्ट, रंग आणि कागद

खानापूर तालुक्यात प्रत्येक जुन्या जीपमागे एक गोष्ट असते: "ही गोवा मुक्तीत गेली होती." डिसेंबर 1961 मध्ये सैन्याची एक वाट खरंच अनमोड घाटावरून होती. आप्पा तेव्हा सतरा वर्षांचे, रस्त्याकडेला उभं राहून त्यांनी रात्रभर गाड्या जाताना बघितल्या आणि तिथंच मेकॅनिक व्हायचं ठरवलं. म्हणून ही गोष्ट मी कधी उडवून लावत नाही. पण तपासते. रंग वरून बघू नका, हिरवा डबा कुठल्याही दुकानात मिळतो. सीटखाली टाकीच्या खोबणीत, डॅशबोर्डाच्या पाठीमागे, जिथं रंगाऱ्याचा हात पोचत नाही तिथं पाण्याच्या पेपरनं रुपयाएवढी जागा घासा. झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. सगळ्यात खालच्या थरात लष्करी हिरवा असेल तर गोष्टीला आधार आहे. वर हिरवा आणि खाली निळा-पांढरा असेल तर ती वडापात गेली, लढाईत नाही.

आरसी बुक शेवटी बघा. नंबर वाचण्याआधी कागद वाचला तर डोळ्यांना कागदातलंच दिसतं. बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, म्हणून त्याआधीच्या नोंदीचा नंबर 'बी'नं सुरू होतो. नंतर म्हैसूर राज्याचा 'एमवाय', आणि आजचा केए-22. एकाच गाडीच्या बुकात हे तिन्ही सापडले तर ते पान जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका. 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे बदल चालत नाहीत आणि धंद्याला वापरता येत नाही.

या नियमानंच मला आप्पांच्या जीपखाली झोपवलं. ती नंदगडच्या शेडमध्ये उभी होती, मटाडोरचं इंजिन घातलेली, आप्पा गेल्यापासून न हललेली. आप्पा तिला आयुष्यभर 'माझी विलीज' म्हणायचे. बुकातही विलिस. मी स्वतः तिची छाप कधी काढली नव्हती, पासिंगला ती दुसरीकडून गेली होती. पावसाळा संपल्यावर डिझेल आणि ब्रश घेऊन खाली शिरले, आणि हात आधी आडव्या दांड्याला लागला. गोल नव्हता. चौकोनी होता. डाव्या चॅनेलवरची माती उतरवायला एक अख्खी दुपार गेली. जी, पी, डब्ल्यू, आणि पुढे आकडे. फोर्ड. तीस वर्षं त्यांनी फोर्ड चालवली आणि त्यांना ते कळलं नाही, कारण दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करताना स्वतःच्या गाडीखाली जायला त्यांना वेळच झाला नाही.

नोंदणीसाठी आता तिला पेट्रोल इंजिन परत पाहिजे. वर्षभर विचारत होते. गेल्या दिवाळीत चंदगडकडच्या एका गावातून निरोप आला की गोठ्यामागे एक जुना ब्लॉक पडलाय, पूर्वी त्यावर पाणी ओढायचे. गेले. प्लग सरळ वर, हेड सपाट. खडू भरला, कागद धरला, पेन्सिल फिरवली. मी जीपीडब्ल्यूची वाट बघत होते, कागदावर एमबी उमटलं. विलिसचं.

घरमालक म्हणाले, "तुमच्या गाडीचं न्हवं काय हे?"

"आमच्याच गाडीचं आहे," म्हटलं, आणि टेम्पोत चढवून घेतलं.